मॉडिफाय केलेली स्नोमोबाइल उचलत नाही? आधी आरपीएमचा काटा बघा, मग इंजिनाला हात लावा

स्नोमोबाइल म्हणजे बर्फावर ट्रॅकने पळणारी गाडी. "गाडी उचलत नाही" ही तक्रार एकच, पण तिच्यामागे चार-पाच वेगवेगळे आजार असतात. पाना हातात घेण्याआधी आपली गाडी यातलं नेमकं काय करते ते ठरवा.

- आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) भराभर चढतो, आवाज वाढतो, पण वेग मागे रेंगाळतो. कधी क्लचकडून जळक्या रबराचा वास येतो.
- थ्रॉटल पूर्ण दाबूनही आरपीएमच चढत नाही. काटा हवा त्यापेक्षा ४००-५०० खाली अडकतो आणि गाडी मागे ओझं बांधल्यासारखी चालते.
- उठतानाच घुसमटते. अंगठ्याने थ्रॉटल दाबला की क्षणभर बसते आणि मग एकदम झेपावते.
- सरळ ठीक पळते, पण वळणावर थ्रॉटल सोडून पुन्हा दाबला की ताकद उशिरा येते.
- पहिली दहा-पंधरा मिनिटं छान, मग हळूहळू मंदावते.

कुठलं लक्षण, किती आरपीएमला, किती तापमानात आणि किती उंचीवर, हे कागदावर लिहून ठेवा. पुढची प्रत्येक तपासणी या नोंदीशी ताडून बघायची आहे.

मॉडिफाय केलेल्या गाडीचं दुखणं वेगळं का

स्नोमोबाइलला गिअर नसतात. इंजिनाच्या दांड्यावर प्रायमरी क्लच, ट्रॅककडे (गाडी ढकलणाऱ्या दातेरी रबरी पट्ट्याकडे) जाणाऱ्या दांड्यावर सेकंडरी क्लच आणि दोघांमध्ये एक जाड रबरी बेल्ट. आपल्याकडे कायनेटिक होंडापासून आजच्या ॲक्टिव्हापर्यंत बिनगिअरच्या स्कूटरमध्ये हेच तत्त्व आहे. स्कूटरमध्ये रोलर असतात, तर बहुतेक स्नोमोबाइलमध्ये झुलणारी वजनं. इंजिन फिरलं की ही वजनं बाहेर फेकली जातात, पुलीच्या दोन थाळ्या जवळ येतात आणि बेल्ट वर सरकतो, म्हणजे गिअर चढल्यासारखं होतं. या सगळ्या रचनेचं काम एकच: पूर्ण थ्रॉटलला इंजिन त्याच्या सर्वांत ताकदीच्या आरपीएमवर धरून ठेवायचं.

कंपनीने हे गणित मूळ इंजिन, मूळ सायलेन्सर आणि मूळ ट्रॅक धरून बसवलेलं असतं. एक्झॉस्टचा पाइप बदलला की ताकदीचा आरपीएम वर सरकतो. अडीच-तीन इंच दातांचा लांब ट्रॅक टाकला की ओझं वाढतं. सिलिंडर मोठे केले की ताकद वाढते. क्लच मात्र जुन्याच हिशोबाने चालत राहतो. म्हणून अशा गाडीत दोष इंजिनाच्या माथी मारला जातो आणि गुन्हेगार निघतो क्लच, बेल्ट किंवा कुठेतरी घासणारा ट्रॅक. पिस्टन बघायला इंजिन उघडण्याआधी खालचं सगळं पार पाडा. त्यातलं बरंचसं फुकटात होतं.

सर्वांत आधी: आरपीएमची चाचणी

इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. थंड इंजिनात बऱ्याच गाड्यांचा संगणक मुद्दाम आरपीएम रोखून धरतो, आणि तो दोष नव्हे. मग दाबून सपाट झालेल्या, मोकळ्या, समोरचं लांबवर दिसेल अशा जागी पूर्ण थ्रॉटल द्या, दीड-दोनशे मीटर. दोन आकडे टिपा: गाडी हलायला सुरुवात होते तो आरपीएम, आणि पूर्ण थ्रॉटलला काटा स्थिर होतो तो आरपीएम. तीनदा करा.

आता हे आकडे मॅन्युअलशी, किंवा पाइप बदलला असेल तर पाइपवाल्याने दिलेल्या आकड्याशी ताडा. मोठ्या टू-स्ट्रोक गाड्यांचा ताकदीचा आकडा साधारण ७,८०० ते ८,३०० मध्ये असतो. स्की-डू गाड्यांतल्या रोटॅक्सच्या ६०० ई-टेक इंजिनाला ८,१०० लागतो, ८५० ई-टेकला ७,९००.

काटा हव्या आकड्याच्या वर गेला आणि वेग नाही, तर बेल्ट घसरतोय किंवा वजनं हलकी आहेत. काटा खाली राहिला, तर वजनं जड आहेत किंवा इंजिनच कमी ताकद देतंय. काटा बरोबर आकड्यावर आहे आणि तरीही गाडी सुस्त, तर ताकद इंजिनातून निघते आणि वाटेत कुठेतरी खर्ची पडते: ब्रेक, ट्रॅक, बेअरिंग किंवा चुकीचं गिअरिंग. एवढ्यावरून अर्धी शोधाशोध वाचते.

उंची विसरू नका

दर ३०० मीटर चढाला साध्या, बिनटर्बोच्या इंजिनाची साधारण ३ टक्के ताकद जाते. मिनेसोटात तीन-चारशे मीटरवर जुळवलेली गाडी ट्रेलरवर टाकून मोंटानातल्या वेस्ट यलोस्टोनला, म्हणजे २,०३० मीटरवर नेली, की ती १५ टक्क्यांहून जास्त ताकद गमावून बसते. गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे, तिथे जेमतेम पाऊण ताकद उरते. भरीला, पूर्ण ताकदीसाठी बसवलेली वजनं या अशक्त इंजिनाला जड होतात आणि आरपीएम ताकदीच्या आकड्याखाली ओढतात, म्हणजे नुकसान दुप्पट. जागा बदलल्यावर गाडी मंदावली असेल तर आधी वजनं आणि जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) त्या उंचीचे आहेत का ते बघा.

फुकटच्या तपासण्या

ट्रॅकमध्ये आणि सस्पेन्शनभोवती अडकलेला बर्फ काढा. रात्रभर उभ्या गाडीचा ट्रॅक जमिनीला गोठून चिकटलेला असतो. तशात थ्रॉटल दिला तर प्रायमरी क्लच बेल्टच्या एकाच जागी फिरत राहतो आणि तेवढाच भाग जाळून टाकतो. सकाळी आधी मागचा भाग हाताने उचलून दोन्ही बाजूंना हलवून ट्रॅक मोकळा करा.

हवा आत येण्याच्या जाळ्या बघा. जास्तीच्या जाळ्या बसवलेल्या गाडीत भुसभुशीत बर्फात त्यांच्यावर पापुद्रा धरतो आणि इंजिन गुदमरतं. पापुद्रा झटकल्यावर गाडी लगेच सुधारली तर निदान झालं.

थ्रॉटल खरंच पूर्ण उघडतो का ते इंजिन बंद ठेवून बघा. हँडल उंच करणारा राइझर बसवलेला असेल तर केबल ताणली जाते किंवा वाकते. काही गाड्यांत थ्रॉटलच्या मुठीत सुरक्षा स्विच असतो. केबलचा ढिलेपणा चुकला की तो स्विच इंजिनाला मध्येच तोडतो, आणि दिसतं मात्र पेट्रोल कमी पडल्यासारखं.

पेट्रोल किती जुनं आहे? गेल्या हंगामातलं असेल तर काढून टाका. ऑक्टेनच्या आकड्यात भारतातून गेलेले लोक हमखास फसतात. अमेरिका-कॅनडातल्या पंपावरचा ९१ आणि भारतातल्या पंपावरचा ९१ एक नव्हेत. मोजायची पद्धत वेगळी आहे, तिकडचा ९१ म्हणजे आपल्याकडचा साधारण ९५-९६. मॅन्युअल अमेरिकन ९१ मागत असेल आणि टाकीत आपल्याकडच्या मोजणीचं ९१ असेल, तर इंजिन ठोकायला लागतं आणि नॉक सेन्सर असलेल्या गाडीचा संगणक इग्निशन मागे ओढून ताकद कापतो. टर्बो किंवा जास्त कॉम्प्रेशनच्या गाडीत असं पेट्रोल पिस्टन फोडू शकतं.

घासतंय का कुठे

किल्ली काढा, इंजिन बंद, मागचा भाग स्टँडवर उचला आणि ट्रॅक हाताने फिरवा. थोडा जोर लागणारच, पण अडखळता कामा नये. फेरी मारून आल्यावर ब्रेकच्या डिस्कजवळ हात न्या, टेकवू नका. ब्रेक वापरलेला नसताना डिस्कमधून धग येत असेल तर ब्रेकचा पिस्टन परत जात नाही. ट्रॅकच्या आतल्या चाकांची बेअरिंग एकेक फिरवा, खरखर लागली तर बदला. ती स्वस्त आहेत.

ट्रॅकचा ताण मॅन्युअलप्रमाणे ठरावीक वजन टांगून मोजा. झोळ बहुधा तीन-चार सेंटिमीटरच्या आसपास सांगितलेला असतो. घट्ट ट्रॅक वेग खातो, ढिला ट्रॅक फिरवणाऱ्या चाकाच्या दातांवरून उड्या मारतो. ट्रॅक ज्यांवरून सरकतो त्या रुळांखालच्या प्लास्टिक पट्ट्यांना वंगण म्हणून फक्त बर्फच असतो. कडक बर्फावर वा उघड्या रस्त्यावर त्या तापून ट्रॅकच्या क्लिपना चिकटू लागतात. "गरम झाल्यावर मंदावते" या तक्रारीचं हे फार सामान्य कारण आहे. पट्टी झिजखुणेपर्यंत आली असेल तर बदला, आणि कडक बर्फावर चालवायची असेल तर बर्फ खरवडून वर उडवणारे स्क्रॅचर लावा.

मोठ्या दातांचा ट्रॅक टाकताना गिअरिंग बदललं का? चेनकेसमधली (सेकंडरीकडून ट्रॅकला ताकद देणाऱ्या साखळीच्या पेटीतली) वरची दातेरी चकती मूळचीच ठेवून जड ट्रॅक ओढायला लावला, तर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उठवल्यासारखी वागते. वरची चकती एक-दोन दातांनी लहान केली की फरक पडतो. कमाल वेग थोडा जातो, पण खोल बर्फात तो लागतो कुणाला.

बेल्ट: इथे वेळ द्या

कव्हर काढण्याआधी इंजिन बंद, किल्ली आणि सुरक्षा दोरी काढलेली हवी. कव्हर नसताना इंजिन कधीही रेस करू नका. फुटलेला बेल्ट किंवा क्लचचा तुकडा माणसाला कायमचा अधू करू शकतो.

बेल्ट बाहेर काढून टॉर्चखाली सावकाश फिरवा. कडा आरशासारख्या चकाकत असतील तर तो घसरून भाजला आहे. एखाद्या जागी कड आत खपलेली, कमरेसारखी बारीक झालेली दिसेल, ती गोठलेल्या ट्रॅकची निशाणी. असा बेल्ट प्रत्येक फेऱ्याला धडधडतो आणि धुऊन सुधारत नाही. रुंदी व्हर्निअरने मोजा. नव्यापेक्षा सुमारे १.५ मि.मी. अरुंद झाला की बदलायची वेळ आली. अरुंद बेल्ट प्रायमरीत खोल बसतो, म्हणून क्लच उशिरा पकडतो आणि वरचा गिअर पूर्ण मिळत नाही.

बेल्टवरचा पार्ट नंबर जरूर वाचा. "दिसायला सारखाच" बेल्ट काही मिलिमीटर लांब असतो आणि तेवढ्याने खेळ बिघडतो.

आता बेल्ट बसवून सेकंडरीकडे बघा. गाडी उभी असताना बेल्टची पाठ थाळ्यांच्या कडेला समपातळीत किंवा दीडेक मिलिमीटर वर हवी. खाली बसला असेल तर गाडी उंच गिअरमधून सुरू होते आणि पहिल्या पन्नास फुटांत मरगळ येते. फार वर असेल तर इंजिन नुसतं चालू असतानाही गाडी पुढे सरकू पाहते. ही उंची थाळ्यांमधल्या शिमने (पातळ चकत्यांनी) किंवा स्क्रूने जुळवतात. काम दहा मिनिटांचं, पण नवा बेल्ट टाकल्यावर बहुतेक जण हेच विसरतात.

थाळ्या हिरव्या घासणीने हलक्या हाताने घासा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तेल किंवा ग्रीसचं बोट नको. नवा बेल्ट आधी साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, कारण कारखान्यातलं लेपन घसरवतं. नंतर पहिले ४०-५० किलोमीटर पूर्ण थ्रॉटल टाळा. मोजायची सोय असेल तर बेल्टचं तापमान ८० अंश सेल्सिअसच्या खाली ठेवायचा प्रयत्न करा.

नवे बेल्ट पुन्हा पुन्हा जळत असतील तर दोष बेल्टचा नाही. बहुधा दोन्ही क्लच एका रेषेत नाहीत. याचं नेहमीचं कारण म्हणजे फाटलेलं इंजिन माउंट: थ्रॉटल दिला की इंजिन मागे खेचलं जातं आणि अंतर बिघडतं. माउंटच्या रबराला चीर दिसते का ते टॉर्चने बघा.

स्पार्क प्लग

प्लग स्वस्त आणि बोलके. बऱ्याच कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोकमध्ये एनजीकेचा बीआर९ईएस असतो, फट ०.७ ते ०.८ मि.मी. ई-टेकसारख्या थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या काही इंजिनांत प्लगचं तोंड ठरावीक दिशेला यावं लागतं. तसं न बसवल्यास नवा प्लगही चुकवतो. काळा ओला प्लग म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. पांढरा कोरडा म्हणजे पेट्रोल कमी, आणि तो जास्त धोक्याचा. पोर्सिलेनवर चकाकणारे बारीक कण दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. तिथेच थांबा, इंजिन पुन्हा सुरू करू नका.

क्लचची जुळणी

बेल्ट चांगला, घर्षण नाही, प्लग ठीक, आणि काटा तरी चुकीच्या जागी? आता वजनं आणि स्प्रिंग. प्रायमरीचं झाकण स्प्रिंगने दाबलेलं असतं, ते तोल जुळवण्याच्या खुणेप्रमाणेच परत बसवायचं. हे हत्यारांशिवाय किंवा अंदाजाने करू नका.

वजनाची रोलरवर घासणारी वक्र कड बोटाने चाचपा. ती गुळगुळीत लागायला हवी. नख अडकेल असा खाचखळगा असेल तर काटा एका आरपीएमला थबकतो आणि मग उडी मारतो. रोलरला सपाट बाजू आली असेल, बुश ढिले असतील, तर आधी ते बदला. झिजलेल्या क्लचवर जुळणी करणं व्यर्थ.

मग हिशोब: प्रत्येक वजन १ ग्रॅमने कमी केलं की पूर्ण थ्रॉटलचा आरपीएम ढोबळमानाने १०० वर जातो. वाढवलं की तेवढाच खाली. सगळी वजनं अगदी सारखी हवीत. स्की-डूच्या टीआरए क्लचमध्ये वजन न काढता क्लिकर (जुळणीचा खाचांचा स्क्रू) फिरवता येतो, एक खाच म्हणजे साधारण २०० आरपीएम. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि चाचणी घ्या. दोन एकदम बदलल्या की कशाने काय झालं ते कळत नाही.

उठताना घुसमटण्याचं मॉडिफाय गाड्यांमधलं मोठं कारण इथेच आहे. रेसचा पाइप लावलेलं किंवा पोर्टिंग केलेलं (सिलिंडरची आत-बाहेरची तोंडं मोठी केलेलं) इंजिन ४,५०० च्या खाली ओढतच नाही, आणि क्लच मात्र ३,६०० लाच पकडतो. इंजिनावर ओझं पडतं तेव्हा त्याच्यात जीव नसतो. लोक जेट बदलत बसतात. खरा उपाय प्रायमरीचा जास्त सुरुवातीच्या ताकदीचा स्प्रिंग. तो अति कडक घेतला तर पकडतानाच बेल्ट जळतो, म्हणून थोडं थोडं वाढवा.

थ्रॉटल सोडून पुन्हा दाबल्यावर उशीर होत असेल तर सेकंडरी बघा. तिचा स्प्रिंग थकला की बेल्ट खालच्या गिअरला परत येत नाही. हेलिक्सचा (सेकंडरीतल्या तिरक्या कडेच्या भागाचा) कोन तीव्र असेल तर गिअर लवकर चढतो आणि आरपीएम पडतो. सौम्य कोन घेतला की गाडी झाडांमधून आणि चढावर पटकन परत ताकद देते.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि रीड

बऱ्याच टू-स्ट्रोकच्या सिलिंडरवर एक्झॉस्टच्या तोंडाशी सरकणारी पट्टी असते, तिला रेव्ह, व्हीईएस अशी कंपनीगणिक नावं आहेत. ती कार्बनने बंद अवस्थेत अडकली तर इंजिन हव्या आकड्याच्या बरंच खाली थांबतं. उघडी अडकली तर खालचा जोर जातो. पट्टी काढून बघा: काळा, डांबरासारखा थर असतो. कार्ब क्लीनरने मऊ करून पुसा, धातूवर ओरखडे पाडू नका, आणि ती बोटाने अलगद सरकते का ते बघा. पट्टी उघडणाऱ्या रबरी पडद्याला बारीक भोक असलं तरी व्हॉल्व्ह उघडत नाही. पडदा उजेडासमोर ताणून धरला की भोक दिसतं. हंगामातून एकदा ही सफाई व्हावी.

रीडच्या (इंजिनात हवा घेणाऱ्या एकदिशा झडपेच्या) पाकळ्या उजेडासमोर धरा. अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फट नको. कार्बन फायबरच्या पाकळीचा कोपरा तुटला असेल आणि तुकडा सापडत नसेल, तर तो इंजिनात गेला असं धरा आणि गाडी सुरू करू नका.

इंधन आणि जेट

पाइप किंवा मोकळा फिल्टर लावल्यावर हवा वाढते, पेट्रोल तेवढंच राहतं. उणे २५ अंशात हवा दाट असते, तेव्हा मोठा जेट लागतो. उंचीवर किंवा उबेत लहान. कार्ब्युरेटरवाल्या गाडीत सोपी परीक्षा: घुसमटत असताना चोक किंचित ओढा. सुधारली तर पेट्रोल कमी पडतंय, बिघडली तर जास्त होतंय. कमी पडत असेल तर पूर्ण थ्रॉटलने चालवणं लगेच बंद करा, पिस्टन वितळायला काही सेकंद पुरतात.

फक्त वरच्या आरपीएमला दम तुटत असेल तर टाकीतला फिल्टर आणि इंधनपंपाकडे जाणारी स्पंदनाची नळी (इंजिनातल्या दाबाच्या ठोक्यांनी पंप चालवणारी) बघा. ती थंडीत कडक होऊन तडकते. टर्बो गाडीत सिलिकॉनच्या जोडांवर साबणाचं पाणी मारून गळती शोधा आणि वेस्टगेटची (टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपेची) बारीक नळी गोठली किंवा निसटली आहे का ते पाहा.

कॉम्प्रेशन, आणि इथे थांबा

गेज लावून, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून, इग्निशन तोडून मोजा. उंचीवर आकडा कमीच येतो, म्हणून दोन सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. तो १० टक्क्यांहून जास्त असेल तर पुढचं काम घरी करायचं नाही.

पुढील प्रत्येक बाबतीत गाडी थेट जाणत्या मेकॅनिककडे न्या: प्लगवर धातूचे कण, चेनकेसच्या तेलात धातूचा चुरा, क्रँकच्या सीलमधून गळती असल्याचा संशय (त्यासाठी इंजिन दाबाखाली धरून तपासावं लागतं), इंजेक्शनच्या इंधनदाबाची मोजणी, टर्बोच्या दांड्याला खेळ, संगणकातलं ट्यूनिंग, आणि प्रायमरी क्लच पुलरनेही न निघणं. शेवटच्या बाबतीत हातोडा मारू नका, क्रँकचा दांडा वाकतो आणि मग खर्च क्लचचा राहत नाही, अख्ख्या इंजिनाचा होतो.

नेताना सोबत तुमचा कागद द्या: पकडण्याचा आणि पूर्ण थ्रॉटलचा आरपीएम, वजनांचे ग्रॅम, दोन्ही स्प्रिंग, हेलिक्सचा कोन, चेनकेसचे दात, जेट, पाइप, ट्रॅकची लांबी व दातांची उंची, आणि चाचणी घेतली त्या जागेची उंची व तापमान. आधीच्या मालकाने काय बदललं ते माहीत नसेल तर तेही त्यावर लिहा.